लोहाऱ्याचा समुद्र

आमच्या घरात समुद्र आहे असं मी कोणाला सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात. त्यांचंही चूक नाही. यवतमाळच्या बाहेर लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या पाठीमागच्या वस्तीत, जिथं बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, तिथं समुद्र कुठून येणार? पण आहे. माझ्या शिलाई मशीनच्या जागेवर आहे. खिडकीजवळची, उजेडाची जागा. पिको-फॉलचं काम मी तिथं बसून वर्षानुवर्षं केलं. आता तिथं काचेची मोठी टाकी आहे आणि मी दाराशी, लोकांच्या चपलांच्या शेजारी बसते. वर खिडकीला जाड पडदा लावून टाकलाय, कारण ऊन लागलं की टाकीत शेवाळ धरतं. म्हणजे उजेड त्यांनाही नाही आणि मलाही नाही.

हा उद्योग माझ्या नवऱ्याचा. देवसिंग आडे, एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. गाडीत पाटी असते ना, चालकाशी बोलू नये म्हणून? ती पाटी प्रवाशांना होती, ह्यांना नव्हती. इंजिन सुरू झालं की ह्यांचं तोंडही सुरू व्हायचं. म्हशीवाल्याशी, ट्रकवाल्याशी, कंडक्टरशी, स्टँडवरच्या कंट्रोलरशी. आणि नुसतं बोलणं नव्हे, भांडण. भांडण म्हणजे ह्यांचा नाश्ता होता. मी लग्नानंतर पहिली काही वर्षं कानात कापूस घालायचा विचार केला होता, खोटं नाही सांगत.

मग रिटायर झाले आणि आवाज बंद झाला. एकदम नाही, हळूहळू. आधी पेपर वाचणं सुटलं, मग चौकात जाणं. शेवटी खुर्ची भिंतीकडे करून बसायला लागले. समोर काही नाही, नुसता चुना, आणि हात मांडीवर. डॉक्टर म्हणाले नैराश्य आहे, गोळ्या दिल्या, त्या ते मुकाट्यानं घ्यायचे. जो माणूस चहात साखर कमी पडली तर आख्खं घर डोक्यावर घ्यायचा, तो बिनसाखरेचा चहा पिऊन कप खाली ठेवायचा. मी मुद्दाम साखर न घालता देऊन पाहिला. काही नाही. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

आमची मुलगी संगीता रत्नागिरीला दवाखान्यात नर्स आहे. ती त्यांना महिनाभर घेऊन गेली. ओहोटीला खडकांच्या खळग्यात पाणी राहतं, त्यात बारीकसारीक जीव अडकून असतात. हे रोज तिथं उकिडवे बसायचे, भरतीचं पाणी चपला भिजवेपर्यंत. परत आले आणि दारातच, पिशवी हातात असताना मला म्हणाले, "कौसल्या, तथी एक फूल पाह्यलं मी. ते मासा खाते."

कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य. त्या वाक्यावर मी मशीनची जागा सोडली.

नागपूरला शामभाऊ म्हणून एकाचं समुद्री माशांचं दुकान आहे. ह्यांनी त्याला फोन करकरून सगळं शिकून घेतलं. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात समुद्राचं म्हणून वेगळं मीठ मिळतं ते विरघळवायचं, एका काचेच्या नळीनं खारटपणा मोजायचा. प्रवाळ घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून ह्यांनी सिमेंटचे खडक स्वतः ओतले आणि पाणी बदलत बदलत ड्रममध्ये मुरवत ठेवले. उन्हाळ्यात टाकीच्या तोंडावर पंखा आणि खोलीत कूलर. मला घाम आला तर कोणी विचारत नव्हतं, पण पाणी तापलं की हे धावत यायचे.

टाकीत नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आले, ते एका मोठ्या समुद्रफुलात शिरून बसायचे. दिसायला फूल, पण तोही जीवच. लाल कोळंबी आली, ती माशांच्या अंगावर चढून त्यांची साफसफाई करायची. काचेवरचं शेवाळ खायला गोगलगायी आल्या. आणि एक खेकडा आला, कोटाच्या बटणाएवढा. तो दोन्ही नांग्यांत एकेक इवलंसं जिवंत समुद्रफूल धरून फिरतो. कोणी जवळ आलं की ती फुलं नाचवून धाक दाखवतो, कारण फुलांना डंख असतो. आणि त्याच फुलांना चिकटलेलं अन्न काढून खातो. ती फुलं म्हणजे त्याचं हत्यार आणि ताट दोन्ही. सारखा हात वर करून खुणावतो, म्हणून ह्यांनी त्याचं नाव कंडक्टर ठेवलं.

"पाय, पाय, डबल बेल मारून राह्यला," हे म्हणायचे, आणि मी हातातलं काम ठेवून पाहायला जायची. मला खेकड्यात काही गोडी नव्हती. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहायची.

पण बोलणं होतं ते तेवढंच. टाकीबद्दल, आणि माझ्याशी. बाहेरचं कोणी आलं की पुन्हा कुलूप.

दिवाळीला सासूबाई आल्या. आम्ही त्यांना याडी म्हणतो. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, नेरजवळच्या तांड्यात धाकट्या दिराकडे असतात. आमचं आपसातलं बोलणं गोरबोलीत चालतं, पण तुम्हाला कळावं म्हणून मी ते इकडच्या मराठीत सांगते.

याडी टाकीपुढे पाट घेऊन बसल्या. मीठ कुरिअरनं येतं हे ऐकून त्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला.

"आपल्या लोकायनं बैलाच्या पाठीवर मीठ लादून समुद्राहून इकडे आणलं," त्या म्हणाल्या. "लदेणी म्हणत त्याले. न आता मीठ मोटरसायकलवर येते, तेबी खेकड्यासाठी!"

हसल्या, पण मग हात जोडले. ज्या पाण्याच्या मिठावर आपल्या सात पिढ्या जगल्या ते पाणी घरात आलंय, पाया पडायला नको का, म्हणाल्या. मग त्या लेकाकडे वळल्या.

"देवा, जीव बरा हाये का तुहा?"

"हाव."

"झोप लागते?"

"हाव."

"मायवर राग हाये का काही?"

"नाई."

भाऊबीजेपर्यंत माय-लेकाचं बोलणं झालं ते एवढंच, हाव आणि नाई. निघायच्या आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसल्या. लसूण सोलायला घेतला होता, पण हात चालत नव्हता. "कौसल्या, माहा पोरगा मुका झाला व," म्हणाल्या. मी म्हटलं, याडी, खेकड्याशी बोलतात, माणसाशीही बोलतील. मला स्वतःलाच ते पटलं नव्हतं.

त्या गेल्या आणि आठवडाभरातच टाकीला कोणाची दृष्ट लागली कोण जाणे. आधी गोगलगायी काचेवरून गळून खाली पडल्या. मग कोळंबी मेली, आडवी, पाय आखडून. मोठं समुद्रफूल सुकलेल्या लिंबाएवढं झालं. कंडक्टरच्या एका हातातलं फूल वितळल्यासारखं झालं आणि सुटून गेलं. तो एकच हात वर करून कोपऱ्यात बसला. मासे मात्र ठणठणीत, खाऊन-पिऊन मजेत.

ह्यांनी पाणी तपासलं. खारटपणा बरोबर, तापमान बरोबर, जेवढ्या औषधाच्या बाटल्यांनी तपासायचं तेवढ्या सगळ्या बाटल्यांचे रंग बरोबर. शामभाऊंना फोन लावला.

"मासे चांगले अन बिनहाडाचे जीव मरून राह्यले, म्हणजे तांबं गेलं असंल, काका," ते म्हणाले. "पितळी नळ, मोटरीची उघडी तार, काही हाये का पाहा."

ह्यांनी सगळं उलथंपालथं केलं. नळ प्लास्टिकचे, तारा धड. काही सापडलं नाही. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माह्याच हातानं काहीतरी झालं. मले नाही जमत. चौतीस वर्षं गाडी चालवली, एक कुत्रं नाही मेलं माह्या हातून."

त्यांनी शामभाऊंना निरोप दिला की रविवारी गाडी घेऊन ये, काच, मोटर, लाइट, मासे, उरलेसुरले सगळं घेऊन जा. आणि खुर्ची उचलून भिंतीकडे केली.

मला माझी जागा परत मिळणार होती. खिडकी, उजेड, वारा. पण मी त्या खुर्चीकडे पाहिलं. टाकी गेली तर हा माणूस त्या भिंतीतून पुन्हा बाहेर येणार नाही, हे मला एखाद्याला दुपारचं ऊन दिसावं इतकं स्वच्छ दिसत होतं.

घाबरले की मला राग येतो, आणि राग आला की मी साफसफाई काढते. हे गोळ्या आणायला गेले होते. मी बाह्या वर केल्या आणि टाकीत हात घातला. मेलेल्या गोगलगायी तरी वेचून काढाव्या, म्हटलं, वास सुटायच्या आधी. मागच्या बाजूला, सिमेंटच्या खडकाच्या खाली, भिंतीच्या अंगाला बोटांना काहीतरी गोल लागलं. ओढून काढलं तर पैसा. जुना, तांब्याचा, मधे भोक असलेला. खाऱ्या पाण्यानं हिरवागार झालेला.

तो कुठला हे मला विचारावं लागलं नाही. याडीच्या काचळीला, म्हणजे आमच्या बायका घालतात त्या आरशा-नाण्यांच्या चोळीला, असे पैसे ओवलेले आहेत. त्यांच्या आईनं लग्नात दिलेली ती काचळी. तिचा दोरा मीच एकदा नवा घालून दिला होता.

असा संताप आला! म्हातारीनं माझ्या नवऱ्याचा जीव पाण्यात बुडवला, दुसरं काय. ओल्या हातानंच फोन लावला.

"याडी, टाकीत पैसा तुमी टाकला?"

"हाव, मीच," त्या लगेच म्हणाल्या. जराही चोरटा आवाज नाही. "गंगेत टाकतेत, यमुनेत टाकतेत, समुद्राले कोण देते? म्हणून देल्ला. माह्या मायच्या हातचा होता. म्हटलं, बाप्पा समुद्रा, हे घे, न माह्या पोराची वाचा दे. तांबं तं पाण्याले चांगलंच असते ना. बोलला का व तो?"

मी भांडायला तोंड उघडलं होतं. पण आमच्या घरात प्यायचं पाणी रात्रभर तांब्याच्या लोट्यात असतं. सगळ्यांच्याच घरात असतं. याडीनं सगळ्यात चांगली वस्तू सगळ्यात चांगल्या जागी टाकली होती.

"पोचला पैसा, याडी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग पैसा ओच्यात घेऊन बसले. सांगावं तर ह्यांच्या मनात आईबद्दल कायमची गाठ बसायची, आणि आई आता किती दिवसांची? न सांगावं तर ते जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत भिंतीकडे बसणार. दोन्हीकडून विहीरच. शेवटी मी ठरवलं की ज्याच्या हाताची चूक नाही त्याच्या हातावर ती राहू द्यायची नाही. बाकीचं पुढचं पुढे.

ते आले. मी पैसा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"मागच्या दगडाखाली होता."

त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, भोकातून बोटाचं नख फिरवलं. "याडीचा," म्हणाले. लहानपणी मांडीवर झोपताना ते हेच पैसे वाजवत झोपायचे, हे मला याडीनंच सांगितलेलं. मी सगळं सांगितलं, नवसासकट. त्यांचा जबडा नुसता हलत होता. मी मनात देवाचा धावा करत होते.

"आधी पाणी," ते शेवटी म्हणाले. "मग पंचायत."

शामभाऊंना फोन केला. गाडी नको, पण तांबं ओढून घेणारं औषध आणि कोळसा पाठव, आजच्या आज, बसनं पाठव, बसच्या कंडक्टरचा नंबर मी देतो. आरओचं मशीन दिवसभर घरघरत राहिलं. खारं पाणी बनवायचं, जुनं नळीनं ओढून काढायचं, नवं हळूहळू सोडायचं. तो सिमेंटचा खडक काढून अंगणात फेकला. मी बादल्या वाहिल्या. पाठ मोडून आली, पण मी वाहिल्या. मधेच नळी हातात धरून ते म्हणाले, "वर्धा नदीच्या पुलावर मी गाडी हळू करत होतो. बायायले पैसे टाकता यावे म्हणून. कंडक्टर बोंबलायचा, टाइम जाऊन राह्यला म्हणून." एवढं बोलून पुन्हा नळी पाण्यात सोडली. मला वाटलं, राग ओसरला. पण जेवताना स्वतःशीच पुटपुटले, "तांबं टाकते म्हणे," आणि मला कळलं की पंचायत अजून बाकी आहे.

त्या पंचायतीची धास्ती मला पाण्यापेक्षा जास्त छळत होती. ह्यांचं भांडण मी पाहिलेलं आहे. ट्रकवाले रडलेले मी पाहिलेत. आणि तिकडे ऐंशीच्या पुढची म्हातारी, नवस फळाला यायची वाट पाहत बसलेली.

पाणी हळूहळू निवळलं. मोठं समुद्रफूल जरा फुगलं, मासे पुन्हा त्यात शिरायला लागले. कंडक्टर तेवढा एका हातानं बसला होता, खात नव्हता.

मग एका सकाळी मी कणीक मळत असताना हाक आली. "कौसल्या! ये लवकर! अवं ये ना!"

त्या आवाजानं माझ्या हातून परात निसटली. मी पिठाच्या हातानं धावले. ते गुडघ्यावर बसून काचेला नाक लावून होते.

कंडक्टरच्या दोन्ही हातांत फूल होतं. लहान, अर्धंअर्धं, पण दोन्ही हातांत.

"दुसरं कुठून आलं?" मी विचारलं.

"कुठून नाई आलं! फाडलं त्यानं. आपल्या हातातलं एकच फूल दोन हातानं ओढून ओढून फाडलं, अन दोन केले. मी पहाटपासून पाहून राह्यलो." त्यांनी शामभाऊंना फोन लावला. ते म्हणाले हो काका, हा खेकडा तसं करतो, दोन्ही तुकडे वाढून पुन्हा पुरी फुलं होतात. हे माझ्याकडे पाहून हसले. दात दिसतील असं हसले. आणि मला इतका आनंद झाला की मी त्या खेकड्याला नमस्कार केला, पिठाच्या हातांनी.

मग त्यांनी टॉवेलला हात पुसले, खुर्ची ओढली आणि तोच फोन पुन्हा उचलला.

"आता पंचायत."

"अवो, राहू द्या ना," मी म्हटलं. "म्हातारी हाये. तिले काय समजते?"

"समजलं पायजे!"

नंबर लागला. मी हात चोळत उभी राहिले.

"याडी! मी देवा. हाव, देवा! तांबं टाकतेत का समुद्रात? कोणी सांगतलं तुले? माणसाले चालते ते खेकड्याले चालते का? उद्या तू माशाले भाकर देशील! माही कोळंबी मेली तुह्या पैशानं, गोगलगायी मेल्या… नाई, तू आयक आधी! इचारता येत नव्हतं का मले? मी काय घरात नव्हतो? आतापर्यंत कधी इचारलं तू? मोतीबिंदूचं आपरेशन कर म्हटलं, केलं का? गुडघ्याले तेल लाव म्हटलं, लावते का? न त्या धाकट्याले काहून पाठीशी घालते सदानकदा…"

सुटले. टाकीवरून मोतीबिंदूवर, मोतीबिंदूवरून धाकट्या भावाच्या बैलजोडीवर, तिथून स्वतःच्या लग्नातल्या कसल्याशा मानापानावर. चहा आणून ठेवला तो गार झाला. एक घोट घेतला आणि फोनवर हात न ठेवताच माझ्यावर ओरडले, "साखर कुठी हाये याच्यात?"

पलीकडून मात्र काही ऐकू येत नव्हतं. एक शब्द नाही. म्हातारीला काही झालं की काय? शेवटी न राहवून मी फोन ओढून घेतला आणि आतल्या खोलीत गेले.

"याडी? याडी, मनावर नका घेऊ. त्यायचं डोकं गरम हाये, तुमाले तं माहीत…"

त्या रडत होत्या. हुंदके चांगले ऐकू येत होते. बाहेरच्या खोलीत हे अजूनही बोलतच होते, भिंतीशी नाही, खेकड्याशीही नाही, दारात आलेल्या दूधवाल्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत होते.

"गप व," याडी म्हणाल्या. "मधात काहून आली तू? चांगला बोलून राह्यला होता माहा देवा." त्यांनी नाक ओढलं. मग आवाज एकदम खाली आणला, कोणी ऐकू नये म्हणून.

"कौसल्या, त्याले फोन दे. न माह्याबद्दल अजून काहीतरी सांग त्याले. खोटं बी चालते. भांडू दे माह्या पोराले."